उलटं झाकण

"शाहीन, टेप मार अन् उडव," निखाडे सर म्हणाले.

"नाई जमत, सर."

"काऊन नाई जमत? एवढंसं झाकण त आहे!"

आरमोरीच्या पुढे एका गावाबाहेर, कापणी झालेल्या धानाच्या बांधीत आम्ही उभे होतो. समोर आमचं विमान उताणं पडलेलं. निखाडे सर सर्वेक्षणाची कामं घेतात. त्यांच्याकडची विमानं बांधायची, दुरुस्त करायची आणि उडवायची हे माझं काम. दिसायला खेळण्यातल्या मॉडेल विमानासारखंच, फक्त पोटात उष्णता टिपणारा कॅमेरा. सकाळच्या चाचणीत उतरताना उजवा पंख धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आपटला आणि खालचं झाकण तडकलं.

हे झाकण म्हणजे सर्वो हॅच. पंखाच्या मागच्या कडेला एक हलणारी पट्टी असते, तिच्यामुळे विमान वळतं. पट्टी हलवणाऱ्या छोट्या मोटरला सर्वो म्हणतात. आमच्या विमानात तो झाकणालाच आतून बसवलेला असतो. म्हणजे झाकण हललं की सर्वो हलणार, सर्वो हलला की पट्टी मनाला येईल तशी फडफडणार. टेपनं झाकण पडणार नाही, पण पंखाला ते घट्टही धरणार नाही.

हे सगळं मी सरांना सांगितलं. त्यांनी अर्धंच ऐकलं, कारण पलीकडून वनरक्षक मडावी भाऊ येत होते.

"मॅडम, कवा उडवता?" मडावी भाऊंनी विचारलं. "हत्ती कुठी आहेत, काही पत्ता नाई. अंधार पडला का लोक पुंजण्याजवळ झोपाले जातेत. घरी राहा म्हटलं त आयकत नाई."

कापलेल्या धानाची पुंजणी, म्हणजे रचून ठेवलेले ढीग, शेतातच होती. वर्षभराचं खाणं उघड्यावर टाकून कोण घरी झोपेल?

मी सोबत आणलेलं जादा झाकण काढलं. पाकिटावर 'उजवं' लिहिलेलं, पण आतलं झाकण डाव्या पंखाचं निघालं. पंख टोकाकडे निमुळता असतो, त्यामुळे झाकणही एका बाजूला निमुळतं. डावं आणि उजवं एकमेकांच्या आरशातल्या रूपासारखं. मी ते खाचेवर ठेवून पाहिलं. एक कोपरा बाहेर आला, सर्वोच्या दांडीची फटही भलत्याच बाजूला.

"आता?" सर म्हणाले. "चंद्रपूरवरून मागवाले त रात होईन."

मी झाकण तळहातावर घेऊन बघत राहिले. साधी सपाट प्लायवूडची पातळ फळी, आतल्या अंगाला सर्वो अडकवायचे दोन लाकडी ठोकळे. सहज उलटी केली. निमुळती बाजू बरोबर फिरली, फटही योग्य जागी आली. फक्त ठोकळे बाहेरच्या अंगाला आले होते.

"सर, ऊन उतरेपर्यंत थांबा. तेवढ्यात होते," मी म्हटलं. "मले सुताराकडून सागाचा एक तुकडा आणून द्या."

सर लगेच निघाले. आत्तापर्यंत मी नुसती 'नाही' म्हणत होते, तेव्हा मात्र ते जागचे हलले नव्हते.

जुने ठोकळे पटाशीनं उडवले. सागाचे नवे कापून दुसऱ्या अंगाला एपॉक्सीनं चिकटवले. शिवाय बाहेरून बारीक स्क्रू मारले, कारण सततच्या थरथरीत नुसत्या गोंदावर माझा विश्वास नाही. गोंद सुकेपर्यंत सगळे माझ्याकडे बघत बसले. मडावी भाऊंनी चहा आणला.

शेवटी सर्वो नव्या ठोकळ्यांत अडकवून झाकण बसवलं. रिमोटनं पट्टी वरखाली केली, मग बोटानं दाबून पाहिली. हलली नाही. विमान सोडलं.

नाल्यापलीकडच्या बांबूत स्क्रीनवर पांढरे ठिपके उमटले. मोठे ठिपके, मधे एक लहान.

"अरे देवा! हे त गावाच्या अंगालेच आहेत," म्हणत मडावी भाऊंनी फोन लावला. लोक पूर्वेच्या जंगलावर नजर ठेवून होते. कळप पश्चिमेला होता. आता जागा नेमकी सांगता येत होती, म्हणून लोकांनीही ऐकलं. त्या बाजूच्या शेतांत कोणी गेलं नाही.

हत्ती रात्री आले. एक पुंजणं खाल्लं, शेजारचं मचाण मोडलं. सकाळी त्या शेताच्या सुमनबाई पसरलेलं धान सुपात गोळा करत होत्या. त्यांचा नवरा रोज त्याच मचाणावर झोपायचा.

"थो काल निंगालाच होता बाई," त्या म्हणाल्या. "मडावी भाऊनं आडवलं." आणि परत धान गोळा करू लागल्या.

त्या दिवसापासून घाईतल्या साहेबाला मी नुसतं 'नाही' म्हणत नाही. कधी होईल ते सांगते, आणि त्याला हाताला काहीतरी काम देते.