पऱ्हाटीच्या कोळशाची पट्टी

सरांनी माझ्या तळहातावरची पट्टी चिमट्यानं उचलली.

पट्टी गरम नव्हती. ॲसिडातलीही नव्हती. घरून फडक्यात गुंडाळून आणली होती मी. वर्गातली मुलं पाहत होती. एक जण हसला. माझा हात तसाच पुढे राहिला. खाली घ्यायचंही सुचलं नाही.

अमरावतीचं कॉलेज. साठ सालानंतरची गोष्ट. रसायनशास्त्राला मुली आम्ही दोघीच. आमचं घर बौद्ध झालं होतं. कॉलेजच्या हजेरीपटावर तसं लिहिलेलं होतं, सरांच्या जिभेवर मात्र जुनी जातच होती. मुलं आणि ती दुसरी मुलगी प्रयोग करायची. मला सर म्हणायचे, "तू भांडी धू. ते तुम्हाला जमतं."

धुता धुता मी पाहायची. मिठाच्या पाण्यात एक जस्ताची पट्टी, एक कोळशाची कांडी. तारा जोडल्या की वीज मोजायच्या यंत्राचा काटा चढायचा आणि थोड्याच वेळात पडायचा. सर म्हणायचे, एवढंच चालतं. मला वाटायचं, कांडी फार घट्ट आहे. तिच्यात बारीक भोकं हवीत, हवा आत शिरायला हवी.

घरी पऱ्हाट्या होत्या, कापूस वेचून झाल्यावर जळणाला आणलेल्या. त्यांचा कोळसा केला, पाट्यावर वाटला, काकवीत मळून पट्टी थापली, डब्यात बंद करून विस्तवात पुरली. तडकली. पुन्हा केली. पुन्हा तडकली. उन्हाळाभर तेच. माय वैतागली.

"काहून वं, सैपाकाचं जळण जाळून राहिली?"

मी रडायची, तिच्यावरच ओरडायची. काकवी कमी केली, आच मंद ठेवली, तेव्हा कुठं एक पट्टी अख्खी निघाली.

तीच सरांनी चिमट्यानं उचलून कांडीच्या जागी पाण्यात सोडली. काटा चढला. तास संपला तरी पडला नाही. सरांनी काटा पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "प्रदर्शनात ठेवू. वसंताच्या नावानं. पाहुणे येतील, तू मागं थांब."

वसंत वर्गातलाच, मालगुजाराचा, मोठ्या जमीनदाराचा मुलगा. त्यानं पट्टीला हातही लावला नव्हता.

मी "बरं, सर" म्हणाले. घरी आले. मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली.

"तुनं बनोली ना? मंग त्याचं नाव कायले?"



प्रदर्शनाच्या सकाळी, पाहुणे दारात असताना, मी टेबलाशी गेले आणि पाण्यात हात घालून पट्टी काढली. काटा खाली आला.

"काय करतेस?" सर दबक्या आवाजात म्हणाले.

"माही पट्टी नेऊन राहिली, सर."

"सवलतीवर शिकता आणि हा माज?"

"सवलत सरकारची हाये. पट्टी माही."

वसंतानं मान खाली घातली.

प्रॅक्टिकलला मला नापास केलं. वर्ष गेलं. शेजारी मायला म्हणाले, पोरीनं हातचं घालवलं. आत्याकडे अकोल्याला गेले, तिथल्या कॉलेजात पुन्हा नाव घातलं. तिथल्या सरांनीही पहिल्याच दिवशी भांड्यांकडे बोट दाखवलं.

"सगळे धूत असतील तर मीही धुईन," मी म्हणाले, आणि प्रयोगाच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. कुणी जागा दिली नाही. मी मागितलीही नाही. दोघांच्या मधे कोपर घालून करून घेतली. आता कुणी हटवलं तरी हटणार नव्हते.