मामांच्या गिलासात काय होतं

गोविंद आडे गेल्याचं मला त्याच्या मुलीने, वैशालीने, फोनवर सांगितलं. मी तेव्हा लोहाऱ्याच्या माझ्या डाळमिलमध्ये तुरीचं पोतं उघडून दाणा पाहत होतो. "काका, बाबा गेले. सकाळी चहा हाती घेतला आन् कलंडले." काही बोलला का, म्हणून मी विचारलं. काय विचारावं ते सुचत नाही अशा वेळी... ती म्हणाली, "निवू दे थोडा, एवढंच म्हणले." तासाभराने आमच्या ग्रुपवर गावंडे सरांचा मेसेज आला. खाली हात जोडलेले, वर फुलं, आणि मध्ये वाक्य : आपल्यातला एक पक्का स्ट्राँगवाला गेला. मी तो मेसेज दोनदा वाचला आणि फोन पोत्यावर उपडा ठेवला. दीड महिना झाला त्याला. स्ट्राँगवाला म्हणजे स्ट्राँग बिअर पिणारा. गोविंद तसा नव्हता. त्याला तसा मी केला. कसा केला, ते लिहायला बसलो आहे.

आधी आमच्याबद्दल सांगतो, कारण आम्ही काही फार सांगण्यासारखे नाही. भूगोल शिकवणारे गावंडे सर, रस्त्यांची कामं घेणारा बंडू आणि मी. दर रविवारी दुपारी मिलच्या ऑफिसात बसायचं, ही आमची वीस वर्षांची कमाई. पुढ्यात फल्लीदाणे, कांदा, लिंबू, आणि बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या बाटल्या. आमच्याकडे बिअर घेणारा माणूस दुकानात दोनच गोष्टी विचारतो, स्ट्राँग आहे का आणि चिल्ड आहे का. चवीचं कोणी विचारत नाही. दातांना कळ लागेल इतकी गार करायची, नाक दाबून औषध घ्यावं तशी घशाखाली लोटायची, आणि ढेकर देऊन 'आवडली' म्हणायचं. तीच मोठी पसंती म्हणून आम्ही मिरवायचो. गावंडे सर तर दोन कंपन्यांच्या स्ट्राँगमधला फरक नकाशावरच्या नद्या दाखवाव्यात तसा समजावून सांगायचे. एकदा बंडूने लेबलं काढून बाटल्या दिल्या तेव्हा तिन्ही वेळा चुकले. तरी सांगायचे थांबले नाहीत.

गोविंद शाळेत आमच्याबरोबर होता. बाभुळगावजवळच्या बंजारा तांड्यावरून सायकलने यायचा. रसायनशास्त्रात बीएस्सी झाला, मराठवाड्यातल्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला, पुढे पुण्यात, बिअर जिथे बनवतात तिथेच प्यायला देतात अशा ठिकाणी मुख्य बनवणारा झाला. वडील थकले म्हणून शेत सांभाळायला परत आला आणि आमच्या रविवारात येऊन बसला. पहिल्याच दिवशी त्याने बंडूच्या हातातली बाटली घेतली, बर्फातून बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "अर्धा तास राहू दे."

"काहून? आजारी आहे का थे?" बंडूने विचारलं.

"थे नाही, तू. एवढ्या गारठ्यात तुह्या जिभेले काय समजते? आन् समजू नये म्हणूनच थे गार करून देतात तुले."

मग त्याने सांगितलं, आणि इतकं सोपं करून सांगितलं की मला आजही पाठ आहे. बिअर दोन घरच्या. लागर आणि एल. लागरचं यीस्ट थंडीत, तळाशी, सावकाश काम करतं. एलचं उबेत, वर फेसात येऊन, भराभर. म्हणून लागर स्वच्छ, निवळ, आणि एलला फळांचा, भाजक्या धान्याचा वास. तो लागरला नावं ठेवत नसे. चांगली लागर बनवणं फार कठीण, म्हणायचा, तिच्यात चूक लपवायला जागाच नाही. नावं तो आम्हाला ठेवायचा. आणि पुण्याच्या पोरांनाही. "थे एलचा फोटो काढतात, बाजूच्याले दाखवतात, आन् अर्धी सोडून जातात. तुम्ही निदान पूर्ण गिळता."

आम्हाला त्याचा राग यायचा. आता खरं सांगायचं ठरवलंच आहे तर... राग शिकवण्याचा नव्हता. तांड्यावरचा गोविंद शिकवतो, याचा होता. आमच्या घरचे चाळीस एकरवाले, आणि हा आम्हाला कसं प्यायचं ते सांगणार. तो नसला की बंडू म्हणायचा, "मोहाची पिऊन मोठा झाला आन् आपल्याले नाक शिकवते." मी हसायचो. नुसता हसायचो नाही, पुढचं वाक्य बरेचदा माझंच असायचं. गोविंदच्या घरात त्याच्या आधीच्या तीन पिढ्यांत कोणी दारूला शिवलं नव्हतं, हे मला तो गेल्यावर, त्याच्या तेराव्याच्या जेवणाला, त्याच्या बहिणीकडून कळलं. इतक्या वर्षांत आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. गृहीत धरणं आम्हाला सोपं जायचं.

सहा वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली. पांढरकवड्याच्या बाजूला, हैदराबादच्या हायवेवर, रीतसर परवाना काढून छोटी जागा टाकायची आणि स्वतः बनवलेली एल द्यायची. पुण्यातला एक जुना मालक पाठीशी उभा राहायला तयार होता. गोविंदला एकच शंका होती, आपल्याकडच्या माणसाला ती आवडेल का. तो म्हणाला, "तुमच्यापेक्षा बिघडलेल्या जिभा मले जिल्ह्यात भेटणार नाहीत. तुम्ही न पाहता पिऊन सांगा. तुम्हाले आवडली तर मी टाकतो. नाही आवडली तर हा विषय कधीच काढणार नाही."

पुढच्या रविवारी तो पुण्याहून टॉवेलात गुंडाळून एलच्या बाटल्या घेऊन आला. रंग दिसू नये म्हणून स्टीलचे गिलास घ्यायचे ठरले. मिलमध्ये माझ्या लग्नातल्या आहेराचे गिलास होते, त्यावर नावं कोरलेली. काहींवर 'मामांकडून', काहींवर 'आत्याकडून'. कोणत्या गिलासांत काय, ते फक्त ओतणाऱ्याला माहीत. ओतायचं काम गोविंदने माझ्यावर टाकलं. "याच्यावर माहा भरवसा आहे," म्हणाला, आणि बाहेर कडुलिंबाखाली पाठ करून बसला.

मी मामांच्या गिलासांत एल ओतली आणि आत्याच्या गिलासांत आमची नेहमीची स्ट्राँग लागर. दोन्ही त्याच्या सांगण्यावरून बर्फाशिवाय, नुसत्या गार. गोविंदला आत बोलावलं आणि चौघांनीही दोन्ही प्यायल्या. गावंडे सरांनी डोळे मिटून घोट फिरवला आणि म्हणाले, "मामांचा." बंडूने आत्याच्या गिलासाचा घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "हे काय गुळाचं पाणी आहे बे? मामांचाच." मी मामांचा गिलास तळापर्यंत रिकामा केला होता. इतकी चांगली गोष्ट त्या ऑफिसात मी तोवर प्यालो नव्हतो. ती मला आवडली, आणि ती आवडावी याचीच मला चीड आली. गोविंद आमच्या तोंडांकडे पाहत होता. त्याचा चेहरा दहावीचा निकाल लागल्यासारखा झाला होता.

"मंग?" त्याने मला विचारलं. "मामांच्या गिलासात काय होतं?"

मी म्हणालो, "स्ट्राँग. आपली नेहमीची."

गावंडे सर आणि बंडूने एकमेकांना टाळी दिली. जीभ आपलं ते बरोबर ओळखते, वगैरे वगैरे. आपण ज्या घोटाला नुकतं गुळाचं पाणी म्हणालो तीच आपली वीस वर्षांची लाडकी, हे त्या दोन थोर रसिकांना परवापर्यंत माहीत नव्हतं. गोविंद माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्याही पुढ्यात ते दोन गिलास होते, तोही दोन्ही प्यालेला होता. सोळा वर्षं ज्याने नाकावर पोट भरलं, त्याला कोणत्यात काय होतं ते मी सांगायची गरजच नव्हती... हे मला तेव्हाही कळत होतं. तो 'नाही' म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. तो म्हणाला, "बरं." मग मामांचा एक गिलास पिशवीत टाकला, "धुवून आणून देतो." आम्ही त्यालाही हसलो. तो गिलास परत आला नाही आणि मी मागितला नाही.

दिलेला शब्द त्याने पाळला. एलचं नाव काढलं नाही. कारखाने, यीस्ट, वास, सगळं मिटलं. शेतात कपाशी, तूर, आणि रविवारी आमच्यात. बर्फातली स्ट्राँग हातात दिली की घ्यायचा, प्यायचा, बंडूच्या विनोदांवर मान हलवायचा. सहा वर्षांत एकही रविवार चुकवला नाही. गावंडे सर म्हणायचे, "सुधरला गोविंदा." मला ते ऐकवत नसे, आणि मी पुढची बाटली उघडायचो.

मागच्या आठवड्यात तांड्यावर गेलो. वैशालीने आतून एक गिलास आणून माझ्यासमोर ठेवला. 'मामांकडून'. घासून घासून अक्षरं बुजत आली होती. "हा तुमचा आहे काका. बाबा रोज यातच चहा पेत. त्या दिवशीबी यातच होता."

मी गिलास उचलून अक्षरांवरून अंगठा फिरवला. तीच सहज म्हणाली, "बाबा हसून सांगत, या गिलासातली एल काकानं तळापर्यंत पेली आन् स्ट्राँग होती म्हणे."

"मग मला का नाही विचारलं त्यानं?"

"मीबी बाबाले तेच म्हणलं. तुम्हाले ठाऊक आहे तर रविवारी जाता कायले? तर म्हणे, थो सांगन एखाद्या दिवशी. आपुन गेलो नाही तर सांगन कोणाले?"

परवाच्या रविवारी मी गावंडे सरांना आणि बंडूला सांगितलं, की मामांच्या गिलासात एल होती. तुम्ही दोघांनी एल निवडली होती आणि मीही. खोटं मी बोललो होतो. गावंडे सर थोडा वेळ दाणे सोलत राहिले. मग म्हणाले, "जाऊ दे आता. गेला थो." बंडू म्हणाला, "मले तवाच वाटलं होतं," जे तो कशालाही म्हणतो. मग त्याने बर्फाच्या बादलीत हात घालून चाचपलं. "बाटली कुठी आहे बे? काढ ना."

मी काढलीच होती. टेबलावर होती, मामांच्या गिलासाजवळ. अर्धा तास व्हायला अजून दहा मिनिटं होती.