साडूंनी आग्रह सोडला

आमच्या साडूंच्या घरून अर्धपोटी परत आलेला माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. त्यांच्याकडे जेवलेला माणूस चालण्यावरूनच ओळखू येतो. तो पायरी उतरताना कठडा धरतो आणि कुणी चहाचं नाव काढलं की हात जोडतो. मी चिखलीहून नांदुऱ्याला त्यांच्याकडे जायचं ठरवलं की आदल्या दिवशी लंघन करतो, आणि ते काही भक्तीपोटी नव्हे. मोजणी खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ नोकरीत शेताचा बांध वीतभरही सरकू देत नसे, पण वाढायला लागला की पाहुण्याच्या पोटाची हद्द काही त्याला दिसत नाही. "घ्या ना जी, येवढ्यानं काय होते?" म्हणत ते ताटाशी आले की समजावं, आता सुटका नाही. विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसालाही त्यांनी एकदा वरण-बट्टी खाऊ घातली. तो बिचारा पुढच्या घरी गेलाच नाही, त्यांच्याच ओट्यावर आडवा झाला.

मागच्या दिवाळीत मात्र हद्द झाली. त्यांचे अकोल्याचे व्याही, म्हणजे लेकीचे सासरे, जेवायला होते. तूप नको म्हणून त्यांनी पुरणपोळीवर पंजा आडवा धरला. साडूंना तो नुसता शिष्टाचार वाटला, त्यांनी पंजावरच कढत तूप सोडलं. व्याही कळवळले, आणि साडू वर म्हणतात, "हात काढा ना जी, पोळी कोरडी राह्यली!" त्या फोडाची कहाणी लेकीला सासरी महिनोन् महिने ऐकावी लागली. म्हणून लग्नाचा पहिला वाढदिवस माहेरी करायचं ठरलं तेव्हा तिनं फोनवरच बजावलं, "बाबा, या वेळी एकदाच इचारायचं. कोनी नाही म्हटलं की बरं म्हनायचं. पुन्हा जबरदस्ती केली तं मी माहेराले येनंच बंद करीन." मी शेजारीच बसलो होतो. साडूंनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "एकुलती एक पोरगी हाय हो. मुकाट ऐका लागते." मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

गोड काय करायचं हेही लेकीनंच ठरवलं होतं. इवल्याशा काचेच्या ग्लासात तळाला बिस्किटांचा चुरा, त्यावर साखर घातलेला चक्का, वर आमरस, आणि माणशी एकच ग्लास. ग्लास पाहून साडू हबकले. "येवढ्यात तं देवळात तीर्थ देतात!" पण कामाला लागल्यावर त्यांच्यातला मोजणीदार जागा झाला. पट्टी आली, टॉर्च आली. प्रत्येक ग्लास डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून त्याची तपासणी सुरू झाली. रस जरा खाली उतरला की ते ओरडत, "पाहा, आंब्यानं चक्क्याचा बांध कोरला!" असा ग्लास वादग्रस्त ठरून माझ्याकडे येई, आणि मी चमच्यानं निकाल लावी. दुपारपर्यंत माझं आदल्या दिवशीचं लंघन पार वाया गेलं.

संध्याकाळी जेवणं उरकली आणि साडू ट्रे घेऊन व्याह्यांपुढे उभे राहिले. "एक घेता का जी?" व्याह्यांनी पोटावरून हात फिरवला. "नको नको, गळ्यापर्यंत झालं." आता आपल्याकडे पहिलं नको हे काही खरं नको नसतं, हे शेंबडं पोरही जाणतं. साडू म्हणाले, "बरं," आणि पुढे सरकले. व्याही ट्रेकडे बघतच राहिले. त्यांनीच घेतलं नाही म्हटल्यावर बाकीचे कोणत्या तोंडानं घेणार? सगळ्यांनी नको म्हटलं, साडूंनी सगळ्यांना बरं म्हटलं, आणि भरलेला ट्रे जसाच्या तसा स्वयंपाकघरात परत आला.

"मले गुदमरल्यासारखं होऊन राह्यलं हो," साडू कपाळ पुसत मला म्हणाले. तेवढ्यात व्याहीच आत आले. आवाज पडलेला. "काऊन जी, रागावले काय आमच्यावर? त्या तुपाचं तं मी कवाच इसरलो."  साडूंच्या आधी मीच सांगितलं, "रागबिग काही नाही. तुमच्या सूनबाईनं आग्रहाला बंदी घातली आहे."

"अरे देवा! नको म्हटलं म्हनून खरंच उचलून नेता काय?" असं म्हणत व्याह्यांनी एक ग्लास संपवला, दुसरा हातात घेतला आणि बाहेर हाक मारली, "या बे सगळे इकडे!" स्वयंपाकाच्या ओट्यापाशी ही झुंबड उडाली. इतक्या मेहनतीनं आखलेले थर कुणी पाहिलेसुद्धा नाहीत. साडू मात्र खाणाऱ्यांची तोंडं बघत उभे होते आणि फार खूश होते.

निघायची वेळ झाली. सासरची माणसं गाडीत बसली. लेक पिशवी घेऊन दाराशी आली.

"राह्यतं का वं दोन दिवस?" साडूंनी विचारलं.

"नाही बाबा, जा लागते."

"बरं," साडू म्हणाले.

मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! वाटेनं जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला बसवणारा हा माणूस, आणि पोटच्या पोरीला एकदाच विचारून खांबासारखा उभा! पण तिची अट ते पाळत होते, आणि त्यांना ती किती जड जात होती ते दिसत होतं. पोरगी काही पायरी उतरेना. पिशवी तिनं या हातातून त्या हातात घेतली. चपलेचा पट्टा उगाच नीट केला. मग खाली बघतच म्हणाली, "बाबा, आखीन एकडाव म्हना ना."

 साडूंनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली.