हिराजीकाकांच्या पडवीचं दार

रोज दिवेलागणीला शेजारच्या फ्लॅटमधून फोनची घंटा ऐकू यायची. मोबाइलमधलं गाणंबिणं नव्हे, जुन्या टेलिफोनची चांगली खणखणीत घंटा. पाठोपाठ हिराजीकाकांचा आवाज यायचा, "थांब बाय, पडवीचं दार लोटून येतो." मग धाडकन एक दार लागायचं. आता तिसऱ्या मजल्यावर पडवी कुठून येणार? काका लोटायचे ते बाथरूमचं दार. आमची नि त्यांची भिंत एकच, त्यामुळे मला ते बरोबर कळायचं. सुरुवातीला मी नवऱ्याला म्हटलंही, "शेजारचे म्हातारबुवा जरा सटकलेले दिसतात." माझं तोंड असंच आहे, काय करणार!

काका पनवेलला आले ते त्यांचं गाव गेल्यावर. विमानतळाच्या जागेत अख्खं गाव आलं, घरं पाडली गेली. उलव्याच्या बाजूला नवं घर उभं राहीपर्यंत काका, काकू आणि त्यांचा मुलगा रमेश आमच्या शेजारी भाड्याने राहायला आले. काका उंच, काळेसावळे, कायम पांढऱ्या सदऱ्यात. लिफ्टमध्ये शिरताना चपला बाहेर काढायचे आणि मग हातात घेऊन वर यायचे. मी हसले तेव्हा म्हणाले, "आवो, एवरीशी खोली, पन कुनाची तरी हायच ना!"

एक दिवस ते दारात उभे राहिले. काखेत जुना टेलिफोन, वायर जमिनीवर लोळतेय. "बाई, तुमी शिकवन्या घेता. ह्याच्यात जीव घालता येल का?"

रमेशने इंटरनेटसाठी सिमकार्डाचा राउटर आणला होता. तसलाच डबा आमच्याकडेही होता आणि त्याच्या पाठीमागे टेलिफोनची वायर लावायची खाच असते, हे मला ठाऊक होतं. पण मी आपला शहाणपणा पाजळलाच. "काका, खिशात मोबाइल आहे ना तुमच्या? मग हे धूड कशाला?"

"मोबाइलवर मानूस पयला काय इचारतो? कुठं हायस? घरच्या फोनवर कोनी इचारतं का? घरचा फोन म्हंजे मानूस घरीच."

मी वायर खोचली. काकांनी रिसीव्हर कानाला लावला, आतला 'टूंऽऽ' ऐकला आणि त्यांचे डोळे भरून आले. मला काही उमगेना. बऱ्याच दिवसांनी, रोजच्या त्या दाराबद्दल मी विचारलं तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं.

काकांची थोरली बहीण जनाबाई, त्यांची 'बाय', उरणकडच्या एका गावात दिलेली. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळलेली, डोळेही गेलेले. गाव जाणार अशी नुसती कुणकुण लागली तेव्हा तिने अन्न टाकलं होतं. काकांच्या आईने जाताना त्यांच्याकडून एकच शब्द घेतला होता: बायचं माहेर मोडू देऊ नकोस. आणि आता माहेराची भिंतसुद्धा उरली नव्हती. बायच्या सुनेने आणि काकांनी मिळून ठरवलं, तिला कळू द्यायचं नाही. नंबर बदलला, कंपनी बदलली, एवढंच तिला सांगितलं. संध्याकाळी सून फोन लावून द्यायची, आणि काका पडवीचं दार लोटायचे. गावातल्या घरी खाडीचा वारा पडवीतून घुसायचा, दार लोटल्याशिवाय फोनवर बोलणं ऐकूच यायचं नाही.

एकदा ही गोष्ट कळल्यावर मी भिंतीला कान लावून ऐकायला लागले, खोटं कशाला बोलू! बाय माहेराची खडान्‌खडा चौकशी करायची. काका उत्तरं द्यायचे. "चिंच यंदा जोरात हाय." "ओटा सारवलाय, कालच." "गाय? गाय बरी हाय, म्हातारी झाली तुज्यासारखी." मग दोघांचं हसणं. फोन ठेवला की काका बराच वेळ तसेच बसून राहायचे, असं काकू सांगायच्या. चिंच कधी फुलते, कधी धरते, याचा त्यांना विसर पडू द्यायचा नव्हता. बाजारात कोवळ्या चिंचा दिसल्या की घरी येऊन म्हणायचे, "आपली बी धरली असती आता." एवढं बोलून टोपी काढायचे आणि डोळ्यांवर धरायचे.

एका गौरीला तर कमाल झाली. काका फोनवर असताना लिफ्टचं दार उघडं राहिलं, आणि आमची ती बोलकी लिफ्ट ठणाणा करायला लागली, "कृपया दरवाजा बंद करें." बायने विचारलं असणार. काका न अडखळता म्हणाले, "रेडिओ लागलाय गो, ओट्यावर." मी धावत जाऊन लिफ्ट बंद केली. त्या दिवसापासून मीही त्या लबाडीत सामील झाले.

एकाच गोष्टीपुढे आमचं काही चालायचं नाही. लाईट गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद की फोन मुका. पनवेलात उन्हाळ्यात लाईट जाणं काही नवीन नाही. काका अंधारात रिसीव्हर हातात धरून बसायचे. मी माझा मोबाइल पुढे केला तर झिडकारायचे. "नको. मोबाइलवर नको." दुसऱ्या दिवशी बायला सांगायचे, "काल लाईट नव्हती, म्हनून फोन लागला नाय." सरळ साधं खरं बोलणं. त्यात काही चुकतंय, हे ना त्यांच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

मग एका दुपारी काकांच्या छातीत कळ आली. रमेश आणि काकू त्यांना घेऊन हॉस्पिटलात गेले. किल्ली माझ्याकडे देताना काकू म्हणाल्या, "देवाजवल दिवा लावा." संध्याकाळी मी दिवा लावत होते आणि घंटा वाजली. उचलू की नको? उचलला.

"हिरू?"

"ते… पडवीचं दार लोटायला गेलेत," मी म्हणून गेले.

पलीकडून म्हातारीचा शांत आवाज आला. "तू कोन गो?"

"शेजारची."

"शेजारनी, खोटं तुला जमत नाय. हिरूला जमतं. पडवी नाय रायली. गाव बी नाय रायला. मला ठाव हाय."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"फोननंच सांगितलं. आमच्या घरचा फोन लाईट गेली तरी वाजायचा. वादलात गाव काळोखात, पन फोन चालू. आता लाईट गेली की हिरूचा फोन मरतो. मंग तो त्या घरातला कसा असल?"

"मग त्यांना बोलला का नाहीत?"

"कशी बोलू? रोज एवढ्या मायेनं दार लोटतो. आयेला शबूद दिलाय त्यानं. तू पन सांगू नको."

मी सांगितलं नाही. सांगायला वेळच राहिला नाही. काका हॉस्पिटलातून परत आलेच नाहीत. आईला दिलेला शब्द आपण पाळला, अशाच समजुतीत ते गेले. त्याचं मला फार बरं वाटतं, आणि तितकंच रडूही येतं. एवढा मोठा माणूस, रोज बाथरूमचं दार लोटून बहिणीचं माहेर उभं करत होता, आणि मी त्याला सटकलेला म्हटलं होतं!

रमेश स्वतः जाऊन बायला काका गेल्याचं सांगून आला. म्हणाला, आत्या रडली नाही, फक्त विचारलं, "तो फोन हाय का अजून?" उलव्याचं घर झालं, काकू आणि रमेश निघाले. जुना टेलिफोन भंगारात जाणार होता. मी तो मागून घेतला, सिमसकट डबाही घेतला, म्हणजे नंबर तोच राहील. का घेतला, ते रमेशला सांगितलं. त्याने वायर गुंडाळून हातात दिली.

काही दिवसांनी दिवेलागणीला आमच्या घरात घंटा वाजली. मी रिसीव्हर उचलला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

"थांबा बाय," मी म्हटलं, "पडवीचं दार लोटून येते."

उठले, बाथरूमचं दार चांगलं धाडकन लोटलं आणि परत आले.

"लोटलंस?" बाय म्हणाली. "बरं झालं. वारा लय होता. बस आता, आनि सांग, चिंच कशी हाय?"