खेळातली गावं आणि भावाचा नकाशा

दोन फौजांच्या मधे एक गाव आहे. त्याला तुम्ही कोणता रंग द्याल? आणि रंग द्यायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तो मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बसस्टँडजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये, आणि तेव्हा सगळे हसले होते. नव्वदच्या दशकाची अखेर होती. औषधाच्या दुकानावरची एक खोली, त्यात तीन कॉम्प्युटर, त्यातला एक बहुधा बंद. क्लास चालवणारे सर सकाळी टायपिंग आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवायचे. दुपारी विद्यार्थी नसले की ते आम्हाला खेळू द्यायचे. खेळांच्या सीड्या गोंदियाहून यायच्या. खेळणाऱ्यांत मुलगी मी एकटीच. माझ्याबरोबर माझा मोठा भाऊ असायचा, म्हणून घरून हरकत नव्हती.

आम्हाला आवडायचे ते पाळीपाळीनं खेळायचे खेळ. जादूगार, किल्ले, हाडांचे सैनिक, जंगलातले धनुर्धारी, आणि एक अख्खा नकाशा, ज्याचा न पाहिलेला भाग काळा असायचा. तुम्ही चाल करायची, मग थांबायचं, मग पुढच्याची चाल. आम्हा चौघा खेळणाऱ्यांना मिळून एकच कॉम्प्युटर मिळायचा, म्हणून आमचा एक नियम होता. ज्याची पाळी तो खुर्चीवर बसेल, बाकीचे भिंतीकडे तोंड करून उभे राहतील. कोणाची फौज कुठं लपली आहे ते दुसऱ्याला दिसता कामा नये. भिंतीवर की-बोर्डाचा एक तक्ता लावलेला होता. तो आम्हा सगळ्यांना पाठ झाला.

आमच्या घरी पत्रकांचा राबता होता. बाबा दिवसा सरकारी कचेरीत आणि संध्याकाळी मँगनीजच्या खाणीतल्या मजुरांसाठी पत्रकं लिहायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच्या जाड मथळ्यांवरून. त्यामुळे खेळ खेळतानासुद्धा माझ्या डोक्यात एकच विचार असायचा, यात अन्याय कोणावर होतोय. भाऊ तसा नव्हता. त्याला जग कसं रचलंय ते पाहायला आवडायचं.

आमच्याकडे मुख्यतः दोन खेळ होते आणि त्यांवरून आमचं कायम वाजायचं. पहिल्यात प्रत्येक जमातीची जमीन ठरलेली. सरदारांचं हिरवं कुरण, मेलेल्यांची राखाडी माती, राक्षसांची तापलेली लाल भुई. जमीन पाहिली की कोण राहतं ते कळायचं, आणि कोण राहतं ते कळलं की तो चांगला की वाईट तेही कळायचं. भावाला हेच भारी वाटायचं.

"पाह्य ना," तो म्हणायचा, "राखाडी माती लागली की आपल्याच पोटात गोळा येते. अजून दुश्मन दिसला बी नाही. याले म्हणतात जग बनवणं."

"याले जात म्हणतात," मी म्हणायचे. "राखेत जन्मला म्हणून वाईट. तुले हे समजत नाही काहून?"

"अवं माय, तो हाडाचा सापळा आहे. त्याले काय आरक्षण देतं का?"

सर हसायचे, आणि मी आणखी चिडायचे.

दुसरा खेळ एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर होता. दिसायला साधा, षटकोनी घरांचा. त्यात जमिनीवर कोणाचा जन्मसिद्ध हक्क नव्हता. कोणी उजेडात जोरात लढायचं, कोणी अंधारात. त्यात दिवस मावळला की कालचा दुबळा आज भारी व्हायचा. मला हा खेळ जास्त खरा वाटायचा, कारण बळ माणसाच्या रक्तात नव्हतं, वेळेत आणि जागेत होतं. जंगलातला माणूस जंगलात वाचायचा, मैदानात मरायचा. हे मी बाबांनाही समजावून सांगितलं होतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "मजूर आहेत का त्यात?"

नव्हते. पण गावं होती. दोन्ही खेळांत गावाची, खाणीची एकच गोष्ट. तुमचा शिपाई तिथं पोचला की तिथं तुमचा झेंडा. दुसऱ्याचा पोचला की त्याचा. आत कोणी राहतं का, त्याला काय वाटतं, हे कुठंच नाही. पहिल्या खेळात तर खाणीपाशी कुणाच्याच बाजूचे नसलेले प्राणी उभे असायचे. तुमची फौज मोठी दिसली की ते एकतर पळून जायचे किंवा तुमच्यात सामील व्हायचे. खेळ म्हणायचा, ते आपल्या मर्जीनं आले. मी म्हणायचे, भिऊन आले. यावर मात्र भाऊ माझ्याशी कधी भांडला नाही.

मग भावाला शाळेत नोकरी लागली, बैहरकडच्या जंगलातल्या एका गावात. सोमवारी पहाटेच्या बसनं बैहरला, पुढं जीपनं, मग पायी. शनिवारी परत. त्या भागात तेव्हा जंगलात बंदूकवाले फिरायचे आणि रस्त्यावर त्यांना शोधणारे बंदूकवाले. आम्ही पहिल्यांना 'जंगलवाले' म्हणायचो आणि दुसऱ्यांना 'नाक्यावाले'. आई दोघांचाही उल्लेख टाळायची. भाऊ आल्यावर ती एवढंच विचारायची, "रस्ता ठीक होता ना?"

"हौ."

याच्या पलीकडे आमच्या घरात त्या विषयाला शब्द नव्हते. बाबांनासुद्धा.

शाळेच्या गावात वीज धड नव्हती, मग कॉम्प्युटर कुठला. संध्याकाळी वेळ जात नाही म्हणून भावानं स्वतःचा खेळ रचायला घेतला. आलेखाच्या कागदांवर, रंगीत पेन्सिलींनी. त्याला दोन्ही खेळांतलं चांगलं ते एकत्र करायचं होतं. जमीन पहिल्यासारखी बोलकी, माणसं दुसऱ्यासारखी मोकळी. आणि माझ्या भांडणातून घेतलेली एक गोष्ट, गावाला स्वतःची पाळी. शिपाई आला की गाव ठरवणार, दार उघडायचं, लपायचं की नाही म्हणायचं. दर शनिवारी तो कागद उलगडून दाखवायचा. सालवृक्षांचं दाट रान, घाटातली वळणं, नाला, बाजाराचं गाव, टेकडीवरचं मचाण. निळे झेंडे किल्लेवाल्यांचे, लाल झेंडे राखेतल्या लोकांचे. काही गावं अजून बिनरंगाची.

त्यानं दुसरं जंगल पाहिलं नव्हतं. जे पायाखालून जायचं तेच त्यानं काढलं. कागदावर त्यानं त्याला परीकथेतली नावं दिली होती, पण वळणं तीच होती, नाला तिथंच होता. आमच्यापैकी कोणाच्याच हे लक्षात आलं नाही. आम्हाला तो खेळ वाटत होता, कारण तो खेळच होता.

एका शनिवारी तो दिवेलागणीला घरी आला आणि चपला न काढता खाटेवर बसला. आईनं पाणी दिलं. त्यानं गिलास हातात धरून ठेवला.

"काहून रे, बरं नाही का?"

"नाक्यावर जीप थांबवली," तो म्हणाला. "पिशव्या पाहिल्या. नकाशा सापडला त्यायले."

बाबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली ठेवलं.

भावानं सांगितलं ते असं. नाक्यावरच्या शिपायानं कागद उलगडला आणि आपल्या साहेबाला दिला. साहेब बराच वेळ पाहत राहिला. मग बोट ठेवून विचारलं, "ये लाल झंडे किसके हैं?"

"गेम है, साहब. कंप्यूटर गेम जैसा."

"अच्छा. और हम कौन से रंग के हैं?"

जीपमधली माणसं खाली उभी होती. सगळे ऐकत होते. भाऊ म्हणाला, "साहब, इसमें आप नहीं हैं." यावर साहेब हसला. त्यानं बोटानं घाट दाखवला, नाला दाखवला, बाजाराचं गाव दाखवलं. त्याला सगळं ओळखू आलं होतं. ओरडला नाही, हात उचलला नाही. कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "बढ़िया हाथ है, मास्टर जी. हर हफ़्ते का आना-जाना है आपका. सोमवार को असली वाला बना के लाओ. कौन सा गाँव किसका, कौन किसको रोटी देता है. बस इतना."

मग बाबा उठले आणि टेबलावरून पेन घेतलं. मला माहीत होतं ते काय म्हणणार, आणि ते बोलण्याआधीच मी त्यांच्या बाजूची होते.

"पत्रक काढू. शिक्षकाले खबऱ्या बनवून राह्यले, हे लोकायले कळलं पाहिजे. गप बसलं तर हे रोज मांगतील."

"नाही बाबा," भाऊ म्हणाला.

"भिऊन गप बसशीन का?" हे मी बोलले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "पत्रक निघालं की नाक्यावाले म्हणतील मी जंगलवाल्याइचा. नकाशा दिला की जंगलवाले म्हणतील मी नाक्यावाल्याइचा. तू सांग, मी कोणत्या झेंड्याखाली मरू?"

मी लहानपणापासून वाचलेल्या प्रत्येक पत्रकात दोनच बाजू होत्या आणि खरी कोणती ते मथळ्यातच लिहिलेलं असायचं. आई म्हणाली, "सोड ते नोकरी. लालबर्ऱ्यात तुह्या मामाची मिल आहे, तिथं बस."

"उद्या सोडली तर म्हणतील पळाला. पळाला म्हणजे काहीतरी होतं."

बाबांनी पेन परत ठेवलं. मी त्यांना कधी असं पेन ठेवताना पाहिलं नव्हतं. मग ते जाऊन दाराला कडी लावून आले. मला तेव्हा कळलं की त्यांनाही भीती वाटते. त्या शोधानं माझी भीती दुप्पट झाली.

सोमवारी तो पहाटेच्या बसनं गेला. पिशवीत कागद नव्हता. पेन्सिलीही आईनं काढून घेतल्या होत्या. तो नाक्यावर काय बोलणार ते त्यानं आम्हाला सांगितलं नाही.

त्या गावात फोन नव्हता. शनिवारपर्यंत आम्हाला काहीही कळणार नव्हतं. आई स्वयंपाक करायची आणि जेवायची नाही. गल्लीत मोटारसायकल थांबली की आम्ही तिघंही हातातलं काम सोडायचो. मधेच एका दुपारी सरांनी मला क्लासमध्ये बोलावलं. त्यांना वाटलं, खेळली तर बरं वाटेल. माझी चाल झाली, पाळी बदलली आणि मी सवयीनं भिंतीकडे तोंड केलं. मागं कोणीतरी माउस टकटकवत होतं. माझ्या पाठीमागे काहीतरी हलतंय, ठरतंय, माझ्याकडे येतंय, आणि नियम असा की मी वळून पाहायचं नाही. सरांना सांगून मी खाली उतरले आणि पायरीवर बसून राहिले.

"काय झालं गं?" सरांनी जिन्यातून विचारलं.

"काही नाही, सर. गरम होऊन राह्यलं."

शनिवारी भाऊ आला. नेहमीच्या बसनं, नेहमीच्या वेळी. आईनं त्याच्या खांद्याला, पाठीला हात लावून पाहिलं, जसं मूल पडल्यावर पाहतात.

"मी सांगतलं साहेबाले," तो म्हणाला. "म्हटलं, मी त्या गावच्या पोराइले शिकवतो. त्याइच्या घराले रंग लावता येत नाही मले."

"मग?"

"मग काही नाही. म्हणाला, ठीक है मास्टर जी, हम खुद बना लेंगे. माझं नाव लिहून घेतलं. गावाचं बी."

बाबांनी सुस्कारा सोडला. त्यांना वाटलं संपलं. पण भाऊ पुढं बोलला, आणि आवाज आणखी खाली गेला.

बुधवारी मधल्या सुट्टीत दोन अनोळखी माणसं शाळेत आली होती. हातपंपावर पाणी प्यायली. पोरांकडे पाहून हसली. मग त्यातला एक जण सहज विचारावं तसा म्हणाला, "नक्शा बनाते हो, मास्टर?"

"तू काय म्हटलं?" मी विचारलं.

"तेच. जे नाक्यावर म्हटलं तेच. शब्द बी तेच."

"मग?"

"म्हणाले, बच्चों को पढ़ाओ. अन् गेले."

त्यांना कसं कळलं? नाक्यावर जीपमधून उतरलेली दहा-बारा माणसं होती. भाजीवाली, वनखात्याचा एक मजूर, बाजारातून परतणारे गावकरी. त्यातलं कोणीही वाईट नसेल. कोणीतरी घरी सांगितलं असेल, आज मास्तरच्या पिशवीतून नकाशा निघाला. घरच्यांनी शेजारी सांगितलं असेल. चार दिवसांत ते रानात पोचलं. बोललेलं कोणाच्या कानावर जाऊन कोणत्या रंगाचं होतं, ते बोलणाऱ्याला माहीतच नसतं.

भाऊ त्या शाळेत राहिला. त्यानंतर कोणी आलं नाही, किंवा आलं असेल तर त्यानं सांगितलं नाही. खेळ त्यानं पुन्हा काढला नाही. मी आग्रह केला, गावाच्या पाळीची ती युक्ती मोठमोठ्या खेळांत कुणाला सुचली नव्हती म्हणाले. तो म्हणाला, "अवं, मले तरी कुठं सुचली? गाव रोजच करून राह्यलं ते." माझं अजूनही म्हणणं आहे की असा खेळ व्हायला हवा. जिंकण्याची अट अशी असावी की गाव शेवटपर्यंत जिवंत राहिलं पाहिजे, आणि ते कोणाच्या झेंड्याखाली राहिलं याला गुण नसावेत. पण मी तो रचणार नाही. मलाही जंगल एकच माहीत आहे.

हे मी लिहिलं, तरी त्यात एकाही माणसाचं नाव नाही. शाळेचं गाव कोणतं ते नाही, साल नाही, नाका कोणता ते नाही. मला पत्रकात सगळी नावं स्पष्ट लिहायला शिकवलं होतं आणि इथं मी ती गाळली, कारण तो आजही त्याच वाटेनं जातो. तुम्ही आमच्या भागातले असाल तर वळणावरून, नाल्यावरून तुम्हाला कदाचित ओळखू आलं असेल, हा मास्तर कोण. आलं असेल तर एवढं करा. कोणाला सांगू नका. घरी नाही, पानठेल्यावर नाही, जीपमध्ये तर मुळीच नाही. वाचून झालं की पान उलटा आणि दुसरं काही बोला.