फोटो निघणार म्हणून साफ केलेला बांध

ते गवत नाही, हे मुकादमाला कितव्यांदा सांगायचं? बंगळुरूच्या ज्या सोसायटीत मी माळीकाम करतो, तिथला हा मुकादम. "तण बघायला आठ दिवस रजा?" म्हणून अजून हसतो. पण सोसायटीच्या बागांचं बघणाऱ्या साहेबांनी शब्द दिला होता. नवी बाग रानातल्या झाडांची करायची, फुललेल्या दहा झाडांचे फोटो आण, जमलं तर ती बाग तुझ्या हाताखाली. कमानीवर चढवायला एक वेल पाहिजेच, असंही बजावलं. सातवीत शाळा सोडलेल्याला असं कोण विचारतं? निघालो गावाकडं, नाशिकला.

पहिला दिवस गंगापूर रोड. ओळखीच्या काकांची बंगल्याभोवतीची बाग.

"हे थायलंडचं, हे ब्राझीलचं," काका दाखवत होते.

"आणि इथलं?"

"इथलं कशाला लावायचं? ते आपोआप येतं की!"

दोन तास असे गेले. शेवटी कंपाउंडबाहेर, गटाराच्या कडेला रुई फुलली होती, तिचा फोटो काढला. मिसळ तेवढी झकास मिळाली.

दुसऱ्या दिवशी लासलगाव. सांगून ठेवतो, लिलाव असेल तेव्हा सकाळी जाऊ नका. कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे आमची एसटी पाऊण तास उभी. कंटाळून उतरलो, चालत माळावर गेलो, तर तरवड पिवळाधमक! आडवा पडून फोकस जुळवतोय, तोवर एक ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ दादा, रस्ता रुंद होतोय का? आमची किती जागा जानार?"

"नाय हो, तरवडाचा फोटो काढतोय."

"तरवडाचा? त्याला शेळी तोंड लावत नाय!" असं म्हणून तोच कंबरेवर हात ठेवून झुडपापुढं उभा. "मंग माझाबी काढ."

चार फोटोंत त्याचं पोट आहे.

तिसऱ्या दिवशी वणीमार्गे कळवण. रस्ता बरा, पण खिडकी धरून बसा. डोंगरउतारावर तेरडा, कुर्डू, असं करत नऊ झाले. दहावी कळलावी, म्हणजे माझी वेल. ती आत्याच्या बांधावर दर पावसाळ्यात लालपिवळी पेटलेली असते. आठवडाभर आधीच फोन केला होता, "आत्या, तुझ्या बांधाचा फोटो काढायला येतोय."

पोचलो तर बांध हजामत केल्यासारखा. दगडांना चुना. आत्या नव्या लुगड्यात.

"बघ, कसा चकचकीत केला! फोटो काढनार म्हनल्यावर घान कशी ठेवायची?"

"अगं, त्या घाणीचाच काढायचा होता!"

"मंग तसं म्हनायचं ना! बांधाचा म्हनला तू."

तसंच म्हणालो होतो. तरी भडकलो. भाकरी-ठेचा वाढलेला, जेवलो नाही.

"कंद हायेत खाली," ती पायानं माती उकरत म्हणाली. "पुढल्या पावसात येईल."

पुढल्या पावसापर्यंत साहेब थांबणार होते का? नऊ फोटो बघून म्हणाले, "छान आहेत. पण कमानीवर काय चढवू?" बाग दुसऱ्याच्या हाताखाली गेली. तरवड आणि तेरडा घेतले त्यांनी, त्यांचे खड्डे मीच खणतोय. मुकादम सावलीत.

प्रवासातून राहिलं काय, तर मोबाईलमध्ये नऊ झाडं, एक पोट आणि चुना लावलेले दगड.

परवा आतेभावाचा फोन आला. आत्यानं बांध साफ करायला दोन बाया दोन दिवस लावल्या होत्या, तीनशे रुपये रोजानं. त्यासाठी अंड्यावरच्या कोंबड्या विकल्या. मी ओरडत होतो तेव्हा यातलं एक अक्षर बोलली नाही. अशा माणसावर धड चिडताही येत नाही, याचाच जास्त राग येतो.

आत्या, बांधाला आता खुरपं लावू नको. बाराशे रुपये पाठवतोय.