गाणाऱ्यासाठी सोडलेली जागा

माझ्या एकट्याची पहिली रेकॉर्ड करताना मी गाणाऱ्याची वाट बघत थांबलो. गाणारे बुवा होते कवठे महांकाळला आणि मी होतो लंडनमध्ये.

बुवांच्या भजनाला मी बारा वर्षं पेटीची साथ केली. काम ठरलेलं. मुखडा द्यायचा, सा धरून बसायचं आणि बुवांची तान उतरली की मागून तिला शेपूट जोडायचं. मग मावसभावानं लंडनला बोलावलं, तिकडच्या आपल्या लोकांना पेटी शिकवायला. सांगलीच्या स्टँडवर बुवा पोचवायला आले होते. मी ऐटीत म्हणालो, "आवं बुवा, तिकडं माझ्या एकट्याची रेकॉर्ड काढतो का नाही बघा."

"एकटी पेटी कोन ऐकनार रं?" बुवा म्हणाले आणि माझी ट्रंक टपावर चढवायला लागले.

ट्रंकेतली लोणच्याची बरणी वाटेत फुटली. बुवांचं वाक्य मात्र शाबूत पोचलं.

दोन वर्षांनी एक रेकॉर्डवाला दुकानदार तयार झाला. स्टुडिओ अर्धाच दिवस मिळणार होता. बंद खोली, समोर काच, वर लाल दिवा. दिवा लागला. मुखडा वाजवला, सा धरला आणि मान आपोआप डावीकडं वळली, बुवा बसायचे त्या बाजूला. तिथं खुर्चीवर माझाच कोट. काचेपलीकडचा साहेब हातानंच विचारत होता, काय बिघडलं? दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा दात-ओठ खाऊन ठरवलं, आता मेलो तरी थांबायचं नाही. नेमका प्रत्येक तानेच्या जागी सा धरून थांबलो आणि सवयीनं मागून शेपूट जोडत शेवटापर्यंत गेलो. तेवढ्यात वेळ संपली. दुकानदार म्हणाला, "राहू दे, शांत वाटतंय." तशीच रेकॉर्ड निघाली.

ती घेऊन गावी आलो. मिरजेपासून एसटीत मांडीवर धरली होती आणि प्रत्येक खड्ड्याला मनात म्हणत होतो, हिला तडा गेला तर बरं. माझी कंबर गेली, रेकॉर्ड धडधाकट.

बुवांच्या ओसरीवर कुणाचा तरी रेकॉर्ड प्लेअर आणला होता. भजनी मंडळ झाडून हजर. सुई टेकली, माझा मुखडा संपला, सा लागला. आता ह्यांना कळणार म्हणून मी घोंगडीची दशी पिळत बसलो. तोच बुवांनी खाकरून घसा साफ केला आणि त्या जागेत झोकात तान घेतली. बरोबर बसली! तान उतरली तशी रेकॉर्डमधल्या पेटीनं तिला इमानानं शेपूट जोडलं. मंडळी "वा बुवा, वा!" करून डोलायला लागली. एकही जागा बुवांनी मोकळी सोडली नाही.

रेकॉर्ड संपली. मी विचारलं, "कशी वाटली बुवा?"

बुवांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "लय झ्याक. पन गड्या, येवढ्या लांब जाऊन बी साथच केलीस व्हय?"